डब्लिनची उघड्या छताची बस : दुपारी चढा, पबला मात्र पायी जा

डब्लिनमध्ये दोन दिवस हातात असतील तर हॉप-ऑन हॉप-ऑफ बसचं (हव्या त्या थांब्यावर उतरा, मागून येणाऱ्या बसमध्ये पुन्हा चढा) २४ तासांचं तिकीट जरूर घ्यावं. फक्त ते पहिल्या दिवशी सकाळी नऊला सुरू करू नये, दुपारी साडेबारा-एकला करावं. बहुतेक २४ तासांची तिकिटं पहिल्या स्कॅनपासून मोजली जातात. सकाळी नऊला सुरू केलेलं तिकीट संध्याकाळी पाचला बस बंद झाली की निकामी होतं, आणि दुसऱ्या दिवशी नऊला पहिली बस निघते तेव्हा त्याची मुदत संपलेली असते. दुपारी एकला सुरू केलेल्या त्याच तिकिटावर एक अख्खी दुपार आणि दुसऱ्या दिवशीची एक अख्खी सकाळ मिळते. किंमत तीच. डब्लिनच्या पबांची वेळ तर बस झोपल्यावरच सुरू होते, म्हणून बसचे तास आणि पबचे तास वेगवेगळे ठेवलेलेच बरे.

तिकीट घेताना एक प्रश्न नक्की विचारा : हे २४ तासांचं आहे की 'एक दिवसाचं'? एक दिवसाचं तिकीट त्या तारखेपुरतंच चालतं. तसं असेल तर वरचा हिशेब लागू होत नाही आणि मग सकाळी लवकर निघणंच शहाणपणाचं. दर कंपनी आणि मोसम पाहून बदलतात. मोठ्या माणसाला साधारण तीस युरो किंवा त्याहून थोडे जास्त धरून चला. ऑनलाइन आधी घेतलं तर थोडं स्वस्त पडतं.

बसमध्ये काय मिळतं

बस दुमजली. वरचा मजला बराचसा उघडा आणि काही भागावर छप्पर. फेरी एकाच दिशेने फिरते : ओ'कॉनेल स्ट्रीटवरून निघून ट्रिनिटी कॉलेज, मेरियन स्क्वेअर, सेंट स्टीफन्स ग्रीन, डब्लिन कॅसल आणि दोन कॅथेड्रलांच्या भागातून पश्चिमेला गिनेस स्टोअरहाउस (गिनेस या काळ्या आयरिश बियरचं प्रदर्शन), पुढे किलमेनहम तुरुंग, मग फीनिक्स पार्क, आणि लिफी नदीच्या उत्तर काठाने कॉलिन्स बॅरक्स, स्मिथफील्ड करत पुन्हा ओ'कॉनेल स्ट्रीट. थांब्यांचा क्रम कंपनीगणिक थोडा बदलतो, साचा हाच. मध्ये न उतरता पूर्ण फेरीला पावणेदोन ते दोन तास लागतात. उन्हाळ्यात दर दहा-पंधरा मिनिटांनी बस येते, थंडीत वीस ते तीस मिनिटं थांबायची तयारी ठेवा.

एकाच दिशेची फेरी हा या सेवेचा सगळ्यात मोठा दोष आहे आणि बहुतेकांना तो उशिरा कळतो. स्टोअरहाउसला उतरायचं राहिलं आणि किलमेनहमला आलात, तर परत फिरायला बस नाही. उरलेला सगळा वेढा घालून पुन्हा तिथे येण्यात दीड तास जाईल. अशा वेळी बसचा हट्ट सोडावा. स्टोअरहाउस ते किलमेनहम हे अंतर पायी पंचवीस-तीस मिनिटांचं आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे ट्रिनिटी, ग्राफ्टन स्ट्रीट, सेंट स्टीफन्स ग्रीन, डब्लिन कॅसल, टेंपल बार हा सगळा पट्टा इतका आटोपशीर आहे की एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पायी पंधरा-वीस मिनिटं पुरतात. या भागात बसमधून उतरून पुढच्या थांब्याला पुन्हा चढणं म्हणजे वेळ वाया घालवणं. तिकिटाचे पैसे वसूल होतात ते पश्चिमेकडच्या तीन-चार थांब्यांवर. ओ'कॉनेल पुलापासून किलमेनहम साडेतीन किलोमीटरच्या आसपास, तिथून फीनिक्स पार्कचं गेट आणखी पुढे, आणि पार्क स्वतःच ७०७ हेक्टरचं. मध्यवर्ती भाग पायी आणि पश्चिम भाग बसने, अशी वाटणी केली की पायही वाचतात आणि वेळही.

बसायचं कुठे? उजव्या बाजूला. आयर्लंडमध्ये वाहनं डाव्या बाजूने चालतात आणि लिफीच्या दोन्ही काठांवरचे रस्ते एकदिशा आहेत : दक्षिण काठावरून पश्चिमेकडे, उत्तर काठावरून पूर्वेकडे. त्यामुळे कुठल्याही काठाने गेलं तरी नदी उजव्या हाताला येते. हा'पेनी पूल (१८१६), फोर कोर्ट्‌सचा घुमट आणि पलीकडच्या काठावरच्या इमारती नीट दिसायच्या असतील तर उजवीकडची पुढची रांग पकडावी. डावीकडे बसलं तर फुटपाथ, दुकानांच्या पाट्या आणि झाडांच्या फांद्या. सगळ्यात पुढची जागा छपराखाली असते, तिथे वारा लागत नाही, पण पावसात काचेवर थेंब साचून फोटो बिघडतात. फोटो काढायचे असतील तर छप्पर संपतं तिथली पहिली उघडी रांग उत्तम.

माहिती दोन प्रकारे मिळते. काही बसवर चालक किंवा गाइड स्वतः बोलतो, काहींवर रेकॉर्ड केलेलं निवेदन हेडफोनवर. पर्याय असेल तर बोलणारा माणूस असलेली बसच घ्या. रेकॉर्डिंग जीपीएसवर चालतं, बस ट्रॅफिकमध्ये अडकली की निवेदन संपून गाणी सुरू होतात आणि इमारत समोर येते तेव्हा कानात पुढच्याच थांब्याची माहिती वाजत असते. बोलणारा चालक समोर जे दिसतंय त्यावर बोलतो. डब्लिनच्या चालकांचं बोलणं हा या फेरीतला खरा ऐवज आहे. त्यांचे उच्चार पहिली दहा मिनिटं जड जातात, मग कान सरावतो.

वारा विसरू नका. जुलैतही बस धावू लागली की वरच्या मजल्यावर अंगात शिरणारी थंडी असते. छत्री वर चालत नाही, उलटते आणि मागच्याच्या डोळ्यात जाते. टोपी असलेलं वॉटरप्रूफ जॅकेट हवं.

पहिली दुपार : स्टोअरहाउस आणि तिथून उतार

एकला ओ'कॉनेल स्ट्रीटवर चढलात तर पावणेदोन-दोनपर्यंत गिनेस स्टोअरहाउसच्या थांब्यावर असाल. वाटेत जनरल पोस्ट ऑफिस दिसतं, ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६ च्या उठावाचं केंद्र. त्याच्यासमोर १२० मीटर उंचीचा, २००३ साली पुरा झालेला पोलादी 'स्पायर'. या दोन्हींसाठी उतरायची गरज नाही, संध्याकाळी पायी येताजाता दिसणारच आहेत.

स्टोअरहाउसचं तिकीट आधी, ऑनलाइन, वेळेच्या स्लॉटसह घ्या. दर तासागणिक बदलतो : शनिवारी दुपारी सर्वांत महाग, आठवड्यातल्या सकाळी स्वस्त. बसच्या तिकिटासोबत जोडून विकली जाणारी पॅकेजं असतात, त्यांचा हिशेब स्वतः करून पाहा. स्वस्त स्लॉट स्वतंत्रपणे घेतला तर काही वेळा पॅकेजपेक्षा कमी पैशात काम होतं.

एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा : इथे चालू ब्रुअरी बघायला मिळत नाही. स्टोअरहाउस ही १९०४ मध्ये बांधलेली किण्वनाची इमारत, २००० सालापासून ती सात मजली प्रदर्शन म्हणून खुली आहे. खरं उत्पादन शेजारच्या आवारात चालतं आणि तिथे प्रवेश नाही. बार्ली, हॉप्स, यीस्ट आणि पाणी, बार्ली भाजल्याने येणारा काळा-तांबूस रंग, जुन्या जाहिराती, पिंपं बनवणाऱ्या कारागिरांवरचा विभाग, असं सगळं आपल्या वेगाने बघत वर जायचं. पिंपांचा विभाग सुरेख आहे, तिथे थांबा. जाहिरातींच्या मजल्यावर गर्दी फार आणि हाती लागतं कमी. आर्थर गिनेसने ३१ डिसेंबर १७५९ रोजी ही जागा ९,००० वर्षांच्या भाडेपट्ट्याने, वर्षाला ४५ पाउंडांवर घेतली, त्या कराराची प्रत तळमजल्याच्या फरशीत काचेखाली बसवलेली आहे. आत शिरताना बहुतेक लोक तिच्यावर पाय देऊन पुढे जातात.

तिकिटात एक पाइंट (बियरचा मोठा ग्लास) धरलेला असतो, १८ वर्षांखालच्यांना शीतपेय. बहुतेकजण तो सगळ्यात वरच्या ग्रॅव्हिटी बारमध्ये घेतात, कारण चारी बाजूंनी काचेतून शहर दिसतं. दुपारी तीन ते पाच तिथे बसायला जागा मिळणं कठीण. अशा वेळी वर जाऊन नुसता देखावा पाहावा आणि पाइंट खालच्या मजल्यावरच्या बारमध्ये शांतपणे प्यावा, कूपन तिथेही चालतं. एकूण दोन-अडीच तास पुरतात.

पाचच्या सुमारास बाहेर पडाल तेव्हा थांब्यावर मोठी रांग दिसेल. याच वेळी अनेक लोक एकदम बाहेर येतात, बस भरून येतात आणि वरच्या मजल्यावर जागा नसते. शिवाय 'शेवटची बस पाचला' याचा अर्थ पहिल्या थांब्यावरून शेवटची बस पाचला सुटते असा असतो. तुमच्या थांब्यावर ती कधी येते आणि पूर्ण फेरी करते की मध्येच संपते, हे चढतानाच विचारून ठेवायला हवं. पण इथे बसची गरजच नाही. स्टोअरहाउसपासून थॉमस स्ट्रीटने क्राइस्ट चर्च कॅथेड्रलकडे वीस मिनिटांची वाट आहे, शेवटी उतार. हा 'लिबर्टीज' नावाचा जुना ब्रुअरी-डिस्टिलरींचा भाग. वाटेत रो अँड को ही व्हिस्कीची डिस्टिलरी लागते, गिनेसच्याच जुन्या पॉवर हाउसमध्ये २०१९ साली सुरू झालेली. दक्षिणेला न्यूमार्केटमध्ये टीलिंग ही दुसरी डिस्टिलरी आहे. २०१५ मध्ये ती उघडली तेव्हा डब्लिन शहरात सव्वाशेहून अधिक वर्षांनी नवी डिस्टिलरी आली होती.

क्राइस्ट चर्चपासून नदीकडे उतरलं की ब्रिज स्ट्रीटवर ब्रेझन हेड. ११९८ पासून इथे दारू मिळते असा पबचा दावा आहे. आजची इमारत त्याहून पुष्कळ नवी, अठराव्या शतकातली. सहाच्या आत पोचलात तर आतल्या बुटक्या खोल्यांमध्ये जागा मिळेल, आठनंतर दगडी अंगणात उभं राहावं लागतं. पर्यटकांची जागा आहेच, पण सुरुवातीला पोटभर जेवायला सोयीची. जेवण आधी उरकून घ्या, कारण बहुतेक पबांचं स्वयंपाकघर नऊच्या सुमारास बंद होतं आणि ज्या जुन्या पबांसाठी डब्लिनला यायचं त्यांतल्या काहींमध्ये चीज टोस्टीपलीकडे काही मिळत नाही. शाकाहारी लोकांनी सूप मागवताना ते कशाच्या पाण्यात शिजवलंय हे विचारावं. गिनेसबाबत मात्र निश्चिंत राहा. पूर्वी ती गाळायला माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेलं आयझिंग्लास वापरत, २०१६ पासून ते टप्प्याटप्प्याने बंद झालं.

पाइंट कसा घ्यायचा

पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. अर्धा हवा असेल तर 'अ ग्लास' म्हणायचं, डब्लिनमध्ये अर्ध्या पाइंटला हाच शब्द आहे. जुन्या पबांमध्ये टेबलावर कोणी विचारायला येत नाही. काउंटरवर जाऊन मागायचं, पैसे तिथेच द्यायचे, कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं. काउंटरवर टीप द्यायची पद्धत नाही. चौघं असाल तर प्रत्येकाने आळीपाळीने सगळ्यांसाठी आणायचं, याला 'राउंड' म्हणतात. एक राउंड पिऊन आपली पाळी यायच्या आत निघून जाणं तिथे फार वाईट दिसतं. जास्त प्यायची नसेल तर सुरुवातीलाच 'मी माझं माझं घेतो' असं सांगावं, कोणी काही मनाला लावून घेत नाही. बिनअल्कोहोलची गिनेस ०.० बऱ्याच पबांत मिळते, काही ठिकाणी तर नळावरची.

गिनेस दोन टप्प्यांत भरतात. ग्लास ४५ अंशांत तिरका धरून साधारण तीन-चतुर्थांश भरायचा, मग काउंटरवर ठेवून द्यायचा. ग्लासमध्ये तपकिरी ढग खाली उतरताना दिसतात. बुडबुडे प्रत्यक्षात मधून वर जात असतात आणि वर जाताना कडेचं द्रव खाली ओढतात. ग्लास वर रुंद आणि खाली निमुळता असल्याने काचेलगतचे बारीक बुडबुडेही त्या प्रवाहासोबत खाली येतात. या बियरमध्ये कार्बन डायऑक्साइडसोबत नायट्रोजन असतो. तो द्रवात फारसा विरघळत नाही, म्हणून बुडबुडे अतिबारीक आणि फेस सायीसारखा. काळा भाग स्थिर झाला की दुसऱ्या टप्प्यात वरपर्यंत भरतात. कंपनीच्या मते या सगळ्याला ११९.५ सेकंद लागतात. म्हणून पहिला टप्पा भरून बारटेंडर दुसऱ्याकडे वळला तर तो विसरला असं समजून हाक मारू नये. आणि ग्लास हातात आल्यावर उरलेला ढग पूर्ण खाली बसेपर्यंत पहिला घोट घेऊ नये, अर्धवट बसलेली गिनेस कडवट लागते.

चांगला पाइंट कुठे मिळतो हे पबच्या वयावर ठरत नाही. पिंप किती लवकर संपतं, पिंपापासून नळापर्यंतची नळी किती वेळा धुतली जाते आणि ग्लास साबणाच्या अंशाशिवाय स्वच्छ आहे का, या तीन गोष्टींवर ते ठरतं. म्हणून जिथे बहुतेक लोक गिनेसच पीत आहेत तिथे प्यावी. परीक्षा सोपी : प्रत्येक घोटानंतर ग्लासच्या आतल्या बाजूला फेसाचं एकेक कडं राहिलं पाहिजे. कडं न राहता फेस घसरून खाली आला तर ग्लासला स्निग्धपणा किंवा साबण लागलेला आहे.

आता पब. टेंपल बार भागात एक चक्कर मारावी, दगडी गल्ल्या आणि दिवे बघावेत आणि पाइंट दुसरीकडे घ्यावा. शहरात इतरत्र पाइंटला सहा-सात युरो पडतात, टेंपल बारमध्ये तोच नऊ-दहापर्यंत जातो आणि रात्री उशिरा आणखी चढतो. पाच मिनिटांवर, फ्लीट स्ट्रीटच्या टोकाला पॅलेस बार आहे, १८२३ चा. मागच्या बाजूला रंगीत काचेच्या छताची उंच खोली, एके काळी वृत्तपत्रांच्या संपादकांची आणि लेखकांची बैठक तिथे भरत असे. पहिल्या संध्याकाळी एकच पब करणार असाल तर हा करा.

तिथून डेम स्ट्रीट ओलांडून बोळात शिरलं की स्टॅग्ज हेड : १८९५ च्या सुमारास नव्याने सजवलेला, काउंटरवर संगमरवर, वर हरणाचं मुंडकं. पुढे साउथ ग्रेट जॉर्जेस स्ट्रीटवर लाँग हॉल. लाल गालिचा, झुंबरं, कोरीव लाकडाची कमान आणि घड्याळ असलेला लांबट पब, १८८१ ची सजावट जवळपास तशीच राखलेली. संध्याकाळी साडेचार-पाचची वेळ साधता आली तर सोन्याहून पिवळं. शुक्रवारी रात्री आठला हाच पब खांद्याला खांदा लागेल इतका भरतो आणि सजावट दिसतच नाही. मलिगन्स पूलबेग स्ट्रीटवर, ट्रिनिटीच्या मागे. तिथे सजावट नाही, गडद लाकूड आणि गप्पा. गिनेससाठी शहरातले जाणकार ज्या दोन-चार पबांची नावं घेतात त्यांत हे असतंच. एका संध्याकाळी या चारांपैकी तीन पुरेत.

'स्नग' शब्द लक्षात ठेवा. जुन्या पबांमध्ये काउंटरच्या एका टोकाला लाकडी फळ्यांनी बंद केलेली, दार असलेली छोटी खोली असते आणि काउंटरकडे एक खिडकी. बायकांनी पबमध्ये बसणं जेव्हा लोकांना खपत नसे, तेव्हा त्या इथे बसत. आज ती सगळ्यात मागणी असलेली जागा. बॅगट स्ट्रीटवरच्या टोनर्सचा स्नग प्रसिद्ध आहे. दुपारी तीनला तो रिकामा मिळू शकतो, सातला नाही.

दुसरी सकाळ : किलमेनहम, फीनिक्स पार्क, स्मिथफील्ड

किलमेनहम तुरुंगाचं तिकीट विमानाच्या तिकिटाइतकंच आधी घ्यायला हवं. आत फक्त गाइडसोबत जाता येतं, गट ठरावीक माणसांचा असतो आणि ऑनलाइन तिकिटं भेटीच्या २८ दिवस आधी खुली होतात. उन्हाळ्यात ती भराभर संपतात. बसवाले थांबा देतात, प्रवेशाची हमी देत नाहीत, आणि नेमके इथेच सर्वांत जास्त लोक निराश होऊन परत चढतात. रद्द झालेली थोडी तिकिटं त्याच दिवशी सकाळी ऑनलाइन सोडली जातात, लवकर उठून नशीब आजमावता येतं.

स्लॉट साडेदहा किंवा त्यानंतरचा घ्या. पहिली बस नऊच्या पुढे निघते, किलमेनहमला पोचायला पाऊण ते एक तास जातो आणि सकाळी ऑफिसची गर्दी असते. त्याआधीचा स्लॉट असेल तर लुआस ट्रामने सुइर रोड थांब्यापर्यंत जाऊन पुढे चालत जावं. तुरुंग १७९६ मध्ये सुरू झाला आणि १९२४ मध्ये बंद. १९१६ च्या उठावाच्या १४ नेत्यांना ३ ते १२ मे दरम्यान याच्या दगड फोडायच्या आवारात गोळ्या घातल्या. जखमी जेम्स कॉनलींना उभं राहता येत नव्हतं, त्यांना खुर्चीत बसवून मारलं. आयरिश जनमत उठावाच्या बाजूने वळायला या मृत्युदंडांचा फार मोठा वाटा होता. फेरी तासाभराची, नंतरच्या संग्रहालयालाही अर्धा-पाऊण तास द्या. संपूर्ण डब्लिनमध्ये एकच जागा बघता येणार असेल तर स्टोअरहाउस सोडा, ही बघा.

पुढचा थांबा फीनिक्स पार्क. १६६२ मध्ये शिकारीसाठी राखलेली ही जागा, हरणांचा कळप आजही मोकळा फिरतो. त्यांना खाऊ घालू नका, मनाई आहे आणि त्याला कारणही आहे : सवयीने ती माणसांच्या अंगावर येऊ लागतात. वेलिंग्टन स्मारकाचा ६२ मीटरचा ओबेलिस्क बसमधूनच चांगला दिसतो. वेळ कमी असेल तर प्राणिसंग्रहालय (१८३१) सोडा, त्यालाच तीन तास लागतात. पार्कच्या पूर्वेकडच्या गेटाबाहेर, पार्कगेट स्ट्रीटवर रायन्स आहे. व्हिक्टोरियन काळातला, एकाहून जास्त स्नग असलेला. दुपारी बाराच्या सुमारास तिथे शांतता असते. ज्यांना गर्दीशिवाय जुना पब निवांत पाहायचाय त्यांच्यासाठी ही वेळ आणि ही जागा.

एकच्या आत, म्हणजे तिकीट संपायच्या आत, स्मिथफील्डला उतरा. जेमसनची बो स्ट्रीट डिस्टिलरी इथे आहे. ती १७८० ची, पण १९७१ नंतर इथे व्हिस्की बनत नाही, ते काम कॉर्क परगण्यातल्या मिडल्टनला चालतं. पाऊण तासाच्या फेरीत आयरिश, स्कॉच आणि अमेरिकन व्हिस्कीचे छोटे ग्लास शेजारी ठेवून चाखायला देतात. एरवी तिहेरी ऊर्ध्वपातनाचं (दारू तीनदा उकळून गाळण्याचं) नुसतं वर्णन ऐकून काही कळत नाही, तीन ग्लास एकामागून एक नाकाशी धरले की फरक लगेच समजतो. उपाशीपोटी ही चाखणी करू नका.

चौकाच्या उत्तर टोकाला कॉबलस्टोन. पारंपरिक आयरिश संगीतासाठी शहरातला सर्वांत प्रामाणिक पब. २०२१ मध्ये त्याच्यावर आणि भोवती हॉटेल बांधायचा प्रस्ताव आला, लोक रस्त्यावर उतरले आणि महापालिकेने परवानगी नाकारली. दाराजवळच्या कोपऱ्यात वादक गोलात बसतात : फिडल, टिन व्हिसल, कॉन्सर्टिना, बोध्रान (हातात धरायचा ढोल), कधी इलन पाइप्स (आयरिश बॅगपाइप). मंच नाही, माइक नाही. त्या कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्च्या येणाऱ्या वादकांच्या असतात, तिथे बसू नये. दोन-तीन धून जोडून एक सेट होतो, टाळ्या सेटच्या शेवटी. फर्माईश करू नये. बोलायचं असेल तर मागच्या बाजूला जावं. दुपारी जागा पाहून ठेवा आणि संध्याकाळी परत या.

तिकीट घेऊ नये असं कधी

चालायला त्रास नसेल, गाइडच्या बोलण्यात रस नसेल आणि फक्त एका जागेहून दुसऱ्या जागी पोचायचं असेल तर ही बस महाग पडते. लीप कार्डावर (सार्वजनिक वाहतुकीचं स्मार्टकार्ड) मोठ्या माणसाला दोन युरोत ९० मिनिटं शहर बस, लुआस आणि उपनगरी रेल्वे डार्ट यांपैकी काहीही बदलून वापरता येतं. पर्यटकांसाठीचं लीप व्हिजिटर कार्ड एका दिवसाला ८ युरो, तीन दिवसांना १६. लुआसच्या लाल मार्गावर जेम्सेस (स्टोअरहाउससाठी), म्युझियम (कॉलिन्स बॅरक्स), स्मिथफील्ड हे सगळे थांबे आहेत. हे कार्ड पर्यटक बसवर चालत नाही. शहर बसमध्ये रोख पैसे देणार असाल तर अचूक नाणी लागतात, नोटा घेत नाहीत आणि सुटे परत मिळत नाहीत.

डिसेंबर-जानेवारीतही विचार करून घ्या. दुपारी चारच्या थोडं पुढे सूर्य मावळतो, शेवटच्या फेऱ्या अंधारात होतात. उलट जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, पण बस तरी पाच-सहालाच थांबते. सतरा मार्चला सेंट पॅट्रिक्स डेची मिरवणूक, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मॅरेथॉन आणि क्रोक पार्क स्टेडियमवर मोठा सामना असेल तेव्हा मार्ग वळवले जातात किंवा काही थांबे बंद असतात. त्या तारखांना तिकीट घेऊच नये.

लहान मुलं सोबत असतील तर कायदा पाहा : पंधरा वर्षांखालच्या मुलांना पालकांसोबत रात्री नऊपर्यंतच पबच्या बारमध्ये बसता येतं, मे ते सप्टेंबर दहापर्यंत. दारूसाठी वय १८, आणि तरुण दिसत असाल तर पासपोर्ट मागतात. रस्त्यावर, बागेत किंवा बसच्या वरच्या मजल्यावर बियरचा कॅन उघडू नका, शहराच्या नियमांनुसार सार्वजनिक जागी पिणं हा दंडाचा गुन्हा आहे.

पब सोमवार ते गुरुवार रात्री साडेअकरापर्यंत, शुक्रवार-शनिवार साडेबारापर्यंत आणि रविवारी अकरापर्यंत दारू देतात. त्यानंतर हातातला ग्लास संपवायला अर्धा तास. जास्त वेळ उघड्या राहणाऱ्या जागांकडे वेगळा परवाना असतो. शेवटची लुआस सोमवार ते शनिवार साडेबाराच्या आसपास मध्यवर्ती भागातून सुटते, रविवारी साडेअकराला. ती चुकली तर २४ तास धावणारे काही बसमार्ग आहेत, विमानतळाकडे जाणारा ४१ त्यांपैकी एक. शुक्रवार-शनिवारी रात्री साडेबारानंतर टॅक्सीसाठी टेंपल बारजवळ उभं राहू नका. पूल ओलांडून उत्तर काठावर या, रांग निम्म्याहून लहान असते.